मामीला कुणी विचारलं?

माझ्या नानीला विसर पडू लागला तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वय झालं, एवढंच. नमाजच्या किती रकाती झाल्या हे ती विसरायची. शेजारच्या मुलीला माझ्या अम्मीच्या नावाने हाक मारायची. पुढे डॉक्टरांनी डिमेन्शियाचं निदान केलं. काही महिन्यांनी तिचं जेवण कमी झालं, पहाटे तीनलाच उठून बसू लागली, नातवंडं आली तरी मान वळवेना. आम्ही ठरवून टाकलं, आजार वाढला.

खरं तर तिला नैराश्य आलं होतं. ते कळायला आठ महिने गेले.

यात दोष कुणा एकाचा नाही. डिमेन्शिया आणि नैराश्य यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात. गप्प बसणं, झोप बिघडणं, कशातच रस नसणं दोन्हींत दिसतं. कधी उलटंही होतं: नैराश्यामुळेच स्मरण मंदावतं आणि घरचे त्याला डिमेन्शिया समजतात. म्हणून तपासणी हवी.

पण तपासणीत विचारायचं कुणाला? डॉक्टरांनी मराठीत विचारलं, "उदास वाटतं का?" दखनी बोलणारी नानी म्हणाली, "अल्हमदुलिल्लाह." आयुष्यभर कुणीही हाल विचारला की तिने हेच उत्तर दिलंय. सोबत गेलेले मामू म्हणाले, सगळं ठीक आहे. तिला रोज भरवणारी, रात्री तिच्याजवळ झोपणारी मामी मात्र घरी होती.

ज्येष्ठांसाठी 15 प्रश्नांची एक हो-नाहीची प्रश्नावली वापरतात. सौम्य विस्मरणात ती चालते. पण आजार पुढे गेला की स्वतःच्या मनाचा हिशोब देणं माणसाला जमत नाही. त्यासाठी 1988 साली 'कॉर्नेल स्केल' आली. तिच्यात 19 मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला 0 ते 2 गुण. ती भरताना रुग्णाशी बोलतात, तसंच त्याला सांभाळणाऱ्यालाही विचारतात: गेल्या आठवड्यात रडल्या का? भूक कशी होती? चिडचिड? जगणं नको झाल्याचं बोलल्या का? नुसत्या गुणांवर निदान होत नाही, पण डॉक्टरांना दिशा मिळते.

पुढच्या वेळी मामी गेली. तिच्याकडे सगळी उत्तरं होती. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

उपाय म्हणजे फक्त गोळी नव्हे. डिमेन्शियात नैराश्याच्या औषधांचा गुण मर्यादितच दिसला आहे. नानीचं गुडघ्याचं दुखणं कमी झालं, कानाला यंत्र लागलं, दुपारी कुणीतरी जवळ बसू लागलं. ती पुन्हा मान वळवून बघते. विसर तसाच आहे.

देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. त्यातले कितीतरी आपल्याच मोहल्ल्यात असतील. त्यांना आपण "सब्र करा" म्हणतो. सब्र मोठी गोष्ट आहे, पण ती तपासणीची जागा घेत नाही.

तुम्ही शिकलेले आहात, दवाखान्यात कागद तुम्हीच भरता. एवढं करा: आठवडाभर झोप, भूक, रडणं वहीत टिपा. डॉक्टरांचा प्रश्न घरच्या बोलीत सांगा. जी सांभाळते तिला सोबत न्या, आणि तिलाही थोडा वेळ डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. कुठे जायचं सुचत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

आणि मामीला तिचा स्वतःचा हालही विचारा. तीही "अल्हमदुलिल्लाह" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका.