दात बघून गुण

आमच्या लोह्याजवळ माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोड्याचे दात बघून भाव ठरतो. घोडं बिचारं गप्प उभं असतं. आमचा भाचा इंजिनिअर होऊन तसाच उभा आहे, कॅनडाच्या दारात! तिथं २०१५ पासून १२०० गुणांचा हिशेब आहे. एकट्या माणसाच्या विशीला ११० गुण. तिशीपासून घसरगुंडी, पंचेचाळिशीला शून्य. परवा तिसाव्या वाढदिवसाला अक्कानं ओवाळलं, तर चिरंजीव म्हणतात, "माय, पाच गेले!"

फ्रेंचला गुण, मराठीला भोपळा. तेही चालेल. पण पास किती गुणांना, हे निकालाच्या दिवशीच कळायचं? अहो, त्यापेक्षा माळेगावचा व्यापारी परवडला. नको असेल तर तोंडावर 'नको' म्हणतो. दात मोजता मोजता घोडं म्हातारं करत नाही!