चपला चावणारा मोत्या

बालदोस्तांनो,

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. हजेरी घेताना माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी रडायलाच लागली. मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारलं, तेव्हा सगळं कळलं. तिच्या घरी मोत्या नावाचं पाच महिन्यांचं पिल्लू होतं. त्यानं आठवड्यात तीन चपला फाडल्या, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारल्या आणि शेवटी बाबांचा नवाकोरा बूट कुरतडला. बाबांनी सांगून टाकलं, “रविवारी याला बाजाराच्या गावी सोडून येणार.”

खरं सांगू? मला माझं लहानपण आठवलं. आमच्याकडे शेरू होता. तो कोंबड्यांच्या मागे धावायचा. एके दिवशी त्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलं. मी दारामागे उभी होते, पण काही बोलले नाही. शेरू परत आला नाही. म्हणून त्या संध्याकाळी मी मोत्याच्या घरी गेले.

बाबा म्हणाले, “बाई, मारून झालं, ओरडून झालं. चूक केली की तोंड पाडून बसतो. म्हणजे कळतंय की त्याला! तरी पुन्हा तेच.”

तुम्हालाही असंच वाटतं ना? पण गंमत ऐका. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी २००९ साली याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकानं कुत्र्याला ‘खाऊ नको’ म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर काही मालकांना खोटंच सांगितलं, की कुत्र्यानं खाऊ खाल्ला. मालक रागावले, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्या कुत्र्यांनीही चोरासारखं तोंड केलं! म्हणजे ते पडलेलं तोंड चुकीचं नसतं, आपल्या रागाचं असतं. बूट सकाळी फाडला आणि मार संध्याकाळी बसला, तर कुत्रा एवढंच शिकतो, की बाबा घरी आले की मार बसतो.

मग करायचं काय? आधी ‘असं का?’ हे विचारायचं.

चावणं. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून पक्के ४२ दात येतात. तुमचे दात पडताना हिरड्या कशा शिवशिवतात, आठवतं ना? तसंच त्याचं! म्हणून चपला उचलून उंचावर ठेवा आणि चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या. सुती कापडाची जाड वेणी घालून गाठी मारल्या की छान खेळणं होतं. मात्र त्याचे तुकडे सुटायला लागले की काढून घ्या. जुनी चप्पल तर मुळीच देऊ नका. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे त्याला कसं कळणार? शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

अंगावर उड्या. तुम्ही दारात आलात की त्याला आनंद होतो आणि तुमच्या तोंडापाशी यायचं असतं. तुम्ही ‘अरे, हट!’ म्हणून ढकललंत की त्याला तोही खेळच वाटतो. म्हणून हाताची घडी घाला, पाठ फिरवा, गप्प उभे राहा. चारही पाय जमिनीवर टेकले, की लगेच ‘शाब्बास!’ म्हणा आणि पोळीचा तुकडा द्या. लगेच म्हणजे लगेच, दोन सेकंदांच्या आत. पहिले काही दिवस तो उलट जास्तच उड्या मारेल, बरं का! कालपर्यंत चालत होतं ते आज का चालत नाही, हे तो तपासून बघतो. तिथं हरलात, तर संपलंच. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. ताईनं पाठ फिरवली आणि आजोबांनी कुरवाळलं, असं नको.

भुंकणं. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा दुसरं काय करणार? रोज दोन वेळा फिरवून आणा, थोडं खेळा. दमलेला कुत्रा शांत झोपतो.

आता एक गोष्ट अगदी नीट ऐका. जेवताना किंवा हाड चघळताना कुत्रा गुरगुरला, तर त्याला मारू नका आणि त्याची थाळीही ओढू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना असते, ‘मला भीती वाटते, लांब राहा.’ सूचना दिली म्हणून मार बसला, तर पुढच्या वेळी तो न गुरगुरताच चावेल. अशा वेळी हळूच मागे सरका आणि मोठ्या माणसांना सांगा. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारावं. हे काम तुमचं नाही. कुठलाही कुत्रा चावला, ओरखडा जरी आला, तरी घरच्यांच्या भीतीनं लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि तसंच दवाखान्यात जायचं. रेबीजची लस वेळेवर घेतली तरच जीव वाचतो.

मोत्याच्या बाबांना मी शेवटी शेरूची गोष्ट सांगितली. पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही सांगितलं. कायद्याचं ऐकून ते काही बोलले नाहीत. शेरूचं ऐकून मात्र म्हणाले, “बरं, एक महिना बघू.”

महिना संपला. चपला आता फळीवर असतात. मोत्या पाहुण्यांसमोर उड्या मारतो, पण आधीपेक्षा कमी. परवा बाबा दारात पाठ फिरवून, हाताची घडी घालून उभे होते म्हणे, आणि शेजारी विचारत होते, “काय हो, रुसलात का?”

तुमच्याकडेही असा खोडकर मोत्या असेल, तर आठवडाभर वहीत तीन रकाने आखा : त्यानं काय केलं, त्याच्या आधी काय झालं होतं आणि आपण काय केलं. वही भरली की वाचून बघा. पुष्कळदा चूक तिसऱ्या रकान्यात सापडते!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या,
बाई