पुतळे कामात, पाहुणे फोटोत

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातील सिद्धगिरी म्युझियममध्ये जुने खेडे पुतळ्यांतून उभे आहे. कुंभार, लोहार, सुतार, शेतकरी असे सारे आपापल्या कामात गढलेले दिसतात. सुटीत सहकुटुंब येणारे अनेक जण मात्र त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि पुढे सरकतात.

या पुतळ्यांकडे आरोग्याच्या नजरेनेही पाहायला हवे. त्या काळी दळण, पाणी आणि शेतीतच भरपूर अंगमेहनत होई. व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे. आता जागतिक आरोग्य संघटनेला ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांच्या शारीरिक हालचालीची शिफारस करावी लागते.

अर्थात, जुने ते सारे सोने नव्हते. पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्यातून नारू होई. शुद्ध पाणी आणि जनजागृतीमुळे २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

हे दोन्ही मुलांना सांगायला आजी-आजोबांइतका चांगला वाटाड्या नाही. म्हणून सहलीला त्यांना सोबत न्यावे, फोन खिशात ठेवावा आणि सावलीत थांबत सारे खेडे पायी फिरावे. घरी परतल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गाडी काढली, तर सहल फोटोंपुरतीच उरेल.