बी. ए. राज्यशास्त्र : भाव काय?

"बी. ए. करून का भेटलं बे तुले?"

मुकुटबनच्या पानटपरीवर हा प्रश्न आहे. वणीच्या एस.टी. स्टँडवर आहे. नागपूरच्या अभ्यासिकेत आहे आणि मुंबईत गोदीच्या गेटावरही आहे. विचारणारा दात काढतो, ज्याला विचारलं तो चपलेकडं बघतो. दहातल्या सात वेळा त्याचा विषय राज्यशास्त्र निघतो. कारण सायन्सला ट्यूशन लागते, इंजिनिअरिंगला बाप लागतो, आणि राज्यशास्त्राला फक्त एक गाईड लागतं.

मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. दोन्हीचा बाजारभाव मला पाठ आहे. डिग्री माझ्यापाशी नाही, म्हणून तिची आरती ओवाळायची मला गरज नाही आणि तिच्यावर थुंकायचीही नाही. हिशेब मांडू. बाजारातला हिशेब आधी.

झरी जामणी तालुक्यातल्या भूमिहीनाचा पोरगा घ्या. बारावी झाली, बी. ए.ला गेला. वर्षाला दोनशे दिवसांची मजुरी बुडाली. रोज चारशे धरा. वर्षाचे ऐंशी हजार, तीन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. फी माफ झाली तरी खोलीचं भाडं माफ होत नाही, मेस माफ होत नाही, झेरॉक्सवाला जात बघून सूट देत नाही. शिष्यवृत्ती येते तेव्हा येते. खोलीवाला मात्र एक तारखेलाच येतो.

हे घातलेलं भांडवल. आता उत्पन्न बघा. केंद्र सरकारच्याच श्रमबल पाहणीत २०२२-२३ साली देशातली बेकारी ३.२ टक्के, आणि पदवीधरांची १३.४ टक्के! म्हणजे अडाणी सुखी आहे असं नव्हे. अडाण्याला बेकार राहणं परवडत नाही, तो मिळेल तिथं मातीत हात घालतो, म्हणून आकड्यात तो बेकार दिसत नाही. पदवीधर वाट बघतो. कशाची? जाहिरातीची. २०२३ साली तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या. अर्ज दहा लाखांवर. राखीवला फी ९००, खुल्याला १०००. सगळ्यांनी नऊशेच भरले असं धरलं तरी नव्वद कोटी होतात. पगार सरकारनं बेकाराला द्यायचा असतो असं आम्ही ऐकलं होतं. इथं बेकारांनीच खिसे उलटे करून दिले.

जो एम. ए., नेट, सेट करून मास्तर होतो, त्याला तासिका तत्त्वावर घेतात. जितके तास तितके पैसे. सुट्टीत पोट बंद. जी राज्यघटना तो फळ्यावर शिकवतो, तिच्यातलं समान काम समान वेतन त्याच्याच ताटात नाही.

तेव्हा विकायचा माल म्हणून ही डिग्री तोट्याची आहे. हे पोरांपासून लपवू नका. जयंतीच्या फ्लेक्सवर 'शिका' लिहिणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनो, तुम्हालाच सांगतोय. शिका म्हणताना पैसे कोण देणार तेही त्याच फ्लेक्सवर लिहा.

पण थांबा. इथवर ऐकून मान डोलावणारे दुसरे एक सद्गृहस्थ आहेत. ते म्हणतात, "तेच सांगतो आम्ही. तुमच्या पोरांनी आय.टी.आय. करावं, वेल्डिंग शिकावं, राजकारण शिकून काय करायचंय?" साहेब, वेल्डिंगला आमची ना नाही. हाताच्या कामाची लाज तुम्हाला, आम्हाला नाही. पण तुमच्या घरात जिल्हा बँक आहे, बाजार समिती आहे, शिक्षणसंस्था आहे. तुमचा पोरगा राज्यशास्त्र जेवताना शिकतो. कोणाला फोन करायचा, कोणती फाईल कुठं अडवायची, टेंडरचं कलम कसं लिहायचं, हा अभ्यासक्रम तुमच्या ओट्यावर फुकट चालतो. राज्यच घरात नांदतंय, मग शास्त्राची डिग्री कशाला? ती आम्हाला लागते. आणि आमच्याच हातात ती येते तेव्हा तुम्ही तिला रद्दी म्हणता!

भाव ठरतो कुठं, ते गोदीत येऊन बघा. पूर्वी मुंबईच्या गोदीत टोळीवाला माणसं निवडायचा. त्याची मर्जी असली तर काम, नाहीतर घरी. मग १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा आला, पुढं बोर्ड आलं, कामगारांची नोंदणी झाली, पाळीची आणि किमान कमाईची हमी आली. पोत्याचं वजन तेच होतं. पाठ तीच होती. भाव बदलला तो कायद्यानं. आणि कंत्राटी पद्धत शिरली तेव्हाही पाठ तीच राहिली, भाव पडला. घाम मोजून मजुरी कधीच ठरत नाही, दोस्तांनो. मजुरी ठरते सत्तेच्या टेबलावर. ते टेबल वाचायचं शास्त्र म्हणजे राज्यशास्त्र. याहून पैशाचा विषय दुसरा कोणता?

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९१३ साली महिन्याला साडेअकरा पौंडांच्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात शिकायला गेले. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर आले तर त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एवढ्या मोठ्या विद्येचा भाव जातीनं एका फटक्यात शून्य केला. पुढच्याच वर्षी सिडनहॅम कॉलेजात तीच विद्या महिना ४५० रुपयांची झाली. माणूस तोच, बुद्धी तीच. म्हणून ते पगारापाशी थांबले नाहीत, भाव ठरवणाऱ्या यंत्रणेलाच हात घातला. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १९५६ साली, राजकारणात येणाऱ्यांसाठी मुंबईत त्यांनी प्रशिक्षण विद्यालय काढलं. कशासाठी? नोकरीसाठी नव्हे. राज्य चालवायला.

आता आजचा हिशेब. मे २०२५. लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१०.३० कोटी वळवले, आदिवासी विकासचे ३३५.७० कोटी वळवले. खात्याचा मंत्रीच उघड बोंबलला. आमच्या बहिणींनाही ते पैसे मिळतात, मिळोत. पण बहिणीला द्यायचं ते भावाच्या ताटातलं काढून का? स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या पोराला वर्षाला साठ हजार हा दर होता. त्या दरानं ४१० कोटींत अडुसष्ट हजारांवर पोरांचं वर्षभराचं जेवणखाण आणि खोली निघते. एक कागद निघाला आणि अडुसष्ट हजार ताटं उचलली गेली.

मुकुटबनच्या दक्षिणेला पैनगंगा, पलीकडं तेलंगण. तिथं हा निधी राखायला कायदा आहे. आंध्र एक होता तेव्हाच २०१३ साली झाला, तेलंगणानं २०१७ साली आपला केला. कर्नाटकानंही २०१३ सालीच केला. महाराष्ट्रात हे पैसे वळवले तेव्हा असा कायदा नव्हता. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय इथं एक भाषण सुरू होत नाही, आणि नदीपलीकडं आहे ते नदीअलीकडं नाही!

गावातच बघा. मुकुटबनच्या भुईत चुनखडी आहे, भोवती कोळसा आहे. २०२२ साली तिथं वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. खाणीच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा भरावा लागतो आणि तो खाणीनं बाधित गावांवर खर्च करायचा असतो, असा २०१५ पासून कायदा आहे. बी. ए.च्या पोरा, प्लेटोचा तत्त्वज्ञ राजा तुला पाठ आहे. आता सांग, या प्रतिष्ठानच्या समितीवर कोण बसतं? कोलामपोडावर किती खर्च झाला, बौद्धवाड्यावर किती? तुझ्या परीक्षेत हा प्रश्न येत नाही. तो येऊ नये अशीच व्यवस्था आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. पोरांनी तो वाचला, एकमेकांना समजावला, रस्त्यावर आली. ऑक्टोबरात सरकारला तो रद्द करावा लागला. त्या वाचण्याची किंमत किती हजार पगार होते, ते कोणी तरी काढा.

म्हणून आमचं म्हणणं साफ आहे. शिष्यवृत्ती एक तारखेला द्या. तासिकेवरच्या मास्तरांना कायम करा. आमचा निधी वळवणाऱ्याला अडवेल असा कायदा करा. आणि तुम्ही, बी. ए. झालेल्या पोरांनो, चपलेकडं बघणं बंद करा. तुमची डिग्री विकायला काढाल तर कवडीमोल आहे. ती वापरायला काढा. समाजमंदिरात आठवड्याला एक रात्र बसा. ग्रामपंचायतीचा जमाखर्च, जिल्ह्याचा निधी, मंत्रालयाचा शासन निर्णय, एकेक कागद मोठ्यानं वाचा. म्हाताऱ्या बायांना कळेपर्यंत वाचा. मग ग्रामसभेत उभं राहून माहिती अधिकारात मिळालेला आकडा तोंडावर फेका.

त्या दिवशी टपरीवरचा तो हसणारा गप्प बसेल. आणि ज्यांच्या ओट्यावर राज्य नांदतंय, त्यांना पहिल्यांदा कळेल की बी. ए. राज्यशास्त्र त्यांना केवढ्याला पडलं.