हिमस्खलनाचा इशारा कुंभारीपर्यंत पोहोचेल?

सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील कुंभारीचा बर्फाशी संबंध तो काय? उन्हाळ्यात पाऱ्याने चाळिशी ओलांडणे, हीच येथील ऋतूची ओळख. तथापि, सोलापूरच्या आनंद बनसोडे यांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केल्यावर हिमशिखरे या जिल्ह्याला अगदीच परकी राहिलेली नाहीत. केदारकांठा, ब्रह्मताल यांसारखे हिवाळी ट्रेक तर आता हौशी मंडळींच्या आवाक्यात आले आहेत. प्रश्न आहे तो बर्फ ओळखण्याचा.

सह्याद्रीत वावरलेल्याची नजर कड्याला भिते आणि मध्यम उतारावर निर्धास्त होते. बर्फात नेमके उलटे घडते. अतितीव्र कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही. तो थोडा थोडा घसरून जातो. बहुतेक घातक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. जुन्या थरातील एखादा ठिसूळ पापुद्रा, त्यावर वाऱ्याने आणून टाकलेला नवा बर्फ आणि वरून चालणाऱ्या माणसाचे वजन, एवढे कारण पुरते. हौशी पर्यटकांच्या अपघातांत बहुतेकदा स्खलन सुरू होते ते त्यांच्याच किंवा सोबत्याच्या पावलाने. हिमवर्षावानंतर उघडलेले लख्ख आकाश छायाचित्रांसाठी उत्तम खरे. पण पहिले एक-दोन दिवस तेच सर्वाधिक धोक्याचे.

अनुभवही नेहमी तारतो असे नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीतील नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा-२ शिखरावर हिमस्खलनात सापडली. किमान २७ जण दगावले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेल्या प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या.

इशाऱ्याची व्यवस्था देशात नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची चंदीगड येथील प्रयोगशाळा हिमालयासाठी जिल्हावार अंदाज देते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या तळावर हिमस्खलन होऊन ५४ कामगार अडकले, त्यांतील ८ मरण पावले. चमोली जिल्ह्यासाठीचा इशारा आदल्याच दिवशी देण्यात आला होता. सिक्कीममध्ये नथुला मार्गावर एप्रिल २०२३ मध्ये सात पर्यटकांचा बळी गेला. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा, दुर्घटना पंधराव्या मैलाजवळची!

गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. त्यानंतर ही शक्यता झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात बचाव पथक पोहोचणे अशक्यच. काढायचे ते सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाजवळ संदेश देणारे-घेणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे हवे, शिवाय ती वापरण्याचा सरावही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, पण त्याचा रोख राज्यातील उपक्रमांवर आहे. हिमालयातील सहलीची आगाऊ रक्कम मात्र पुण्या-मुंबईतच भरली जाते. ती घेतानाच ही साधने कोण पुरवणार आणि इशारा आल्यास चढाई थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे आयोजकाने लेखी देणे अवघड नाही.