दोष पायाचा की फळीचा?

गेल्या वर्षीची, जूनमधली गोष्ट. आमच्या गल्लीत लग्नाची वरात आली आणि नेमका मोसमातला पहिला पाऊस कोसळला. बँडवाले आडोशाला पळाले, नवरदेव मोटारीत जाऊन बसला आणि घोडीवाले तेवढे भिजत घोडीला परत टेम्पोत चढवू लागले. टेम्पोचा फाळका पाडून त्याला फळ्यांचा उतार लावला होता. फळ्या टिकाव्यात म्हणून वर पत्रा ठोकलेला, तोही वापरून गुळगुळीत झालेला. घोडीच्या टापांना लोखंडी नाल, खाली ओला पत्रा. दुसऱ्याच पावलाला तिचे पुढचे पाय सटकले आणि ती गुडघ्यांवर आली.

मुकं जनावर कसंबसं उठलं, पण पुन्हा त्या उतारावर पाय ठेवीना. लगाम ओढून झाला, चुचकारून झालं, शेवटी छडी उगारली गेली. घोडी आणखीच बिथरली. तेवढ्यात आमच्या गल्लीतले एक आजोबा पुढे झाले. तरुणपणी ते टांगा हाकायचे. म्हणाले, "अरे, तिला कशाला मारतोस? फळी बघ आधी!"

शेजारी बांधकाम चाललं होतं. तिथून त्यांनी गोणपाटं आणवली, उतारावर पसरून दोन्ही कडांना दोरीनं घट्ट आवळली आणि वर जाडी वाळू टाकली. मग घोडीला ती वाळू हुंगू दिली. पाच मिनिटांनी ती आपल्या आपण, एकेक पाऊल चाचपत वर गेली.

हा झाला तात्पुरता इलाज. कायमची दुरुस्तीही आजोबांनी सांगितली. गुळगुळीत पत्रा काढून टाकायचा. फळ्यांवर आडव्या लाकडी पट्ट्या, साधारण इंचभर उंचीच्या, फूटभर अंतराने स्क्रूने बसवायच्या. स्क्रूची डोकी लाकडात बुडवायची, नाहीतर टापेला इजा होते. पट्ट्या कडेपर्यंत न्यायच्या नाहीत. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा सोडायची, म्हणजे पाणी साचत नाही. मधल्या जागेत काथ्याची चटई ठोकायची. पेंढा किंवा लाकडाचा भुसा नको, भिजला की तोच घसरतो. उतारही उभा नको. हौदा तीन फूट उंच असेल, तर फळी निदान नऊ फूट लांब हवी. शिवाय प्रत्येक फेरीनंतर शेण-चिखल धुऊन काढायचा.

यात नवीन काही नाही. आपल्याकडे 1978 साली जनावरांच्या वाहतुकीचे नियम झाले. गुरं नेणाऱ्या साध्या मालवाहू वाहनाच्या तळाला काथ्याच्या चटईसारखं किंवा लाकडी फळ्यांचं, पाय न घसरणारं अस्तर हवं, असं त्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पाय घसरला तर दोष जनावराचा नाही, हे कायद्यालाही कळलेलं आहे!

घरी आले आणि मनाला चुटपुट लागली. आदल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई आमच्या इमारतीच्या दाराशी असलेल्या सिमेंटच्या उतारावर घसरल्या होत्या. नशिबानं मुका मारच लागला. पण तेव्हापासून ढग दिसले की त्या खाली उतरत नसत. देवळात जाणं बंद, मैत्रिणींचा कट्टा बंद. आणि आम्ही सगळे काय म्हणत होतो? "आई, जरा बघून चालावं ना!" ही आमची छडीच होती. उताराकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या रविवारी उघडीप मिळाली. आम्ही बिऱ्हाडकरूंनी मिळून तो उतार ताठ ब्रशने घासला. हिरवट शेवाळाचा थर निघाला, तोच खरा चोर. हट्टी डागांवर ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून थोड्या वेळानं भरपूर पाण्यानं धुतलं. (ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड किंवा दुसरं काही मुळीच मिसळू नका, विषारी वायू होतो.) उतार खडखडीत वाळल्यावर फरशीच्या रंगाचा एक हात दिला, रंग ओला असतानाच त्यावर चाळलेली कोरडी वाळू भुरभुरवली. तो वाळल्यावर सुटी वाळू झाडली आणि वरून दुसरा हात दिला. भिंतीला हाताला धरायला नळाचा पाइप बसवला. वरून गळणारी पन्हळ दुसरीकडे वळवली.

पहिल्या दिवशी सासूबाई उताराच्या तोंडाशी थबकल्या. चपलेचं टोक दोनदा घासून पाहिलं. मला ती घोडी आठवली, मी घाई केली नाही. मग पाइपला धरून त्या हळूहळू उतरल्या आणि खालून म्हणाल्या, "अगं, उभी काय राहिलीस? छत्री आण माझी!"

यंदा पाऊस सुरू होण्याआधी तुमच्याही दारातला उतार एकदा पाहून घ्या. घरात कुणी पावसात बाहेर पडायला नको म्हणत असेल, तर त्यांना समजावण्यापूर्वी नक्कीच पाहा.