‘सर्वांचं स्वागत’ लिहायला पैसे लागत नाहीत, पाळायला लागतात

या वेळचा व्हिडिओ वीकेंड सायकल ट्रिपच्या व्यवसायावर आहे. शनिवारी दुपारी सामान सायकलला बांधून दहा-बारा जण निघाले, रात्री तंबूत राहिले, रविवारी परत आले, असा हा साधा धंदा. यात उतरायचं असेल तर माझं मत सरळ आहे. तुमचा खरा ग्राहक पट्टीचा सायकलवाला नाही. शाळा सुटल्यापासून ज्याने सायकलला हात लावलेला नाही, तो आहे. आणि त्याला सांभाळायचा खर्च किमतीत धरलाच पाहिजे.

बाइकपॅकिंग म्हणजे सामान सायकलच्या फ्रेमला, हँडलला आणि सीटमागे बांधून केलेला प्रवास. नाव नवीन आहे, पण कॅरिअरला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकवून रोज वीस किलोमीटर जाणारा दूधवाला आपण सगळ्यांनी पाहिलाय. कॅलिफोर्नियातल्या रिव्हेंडेल या सायकल कंपनीच्या ग्रँट पीटरसन यांनी २४ तासांच्या आत परत येणाऱ्या एका रात्रीच्या ट्रिपची कल्पना लोकप्रिय केली. सुट्टी टाकायला नको, महागडं सामान नको. आठवड्यातून एकच सुट्टी मिळणाऱ्या माणसासाठी यापेक्षा सोयीचं काय असणार?

सिएटलची स्विफ्ट इंडस्ट्रीज ही सायकलच्या बॅगा शिवणारी छोटी कंपनी बघा. ते दरवर्षी जूनमध्ये ‘स्विफ्ट कॅम्पआउट’ करतात. जगभरातल्या लोकांना सांगतात, आपापल्या गावातून सायकलवर निघा आणि एक रात्र बाहेर राहा. यातला धंदा समजून घ्या. जो कधी एक रात्रही सायकलवर बाहेर राहिला नाही, तो बॅग कशाला घेईल? पहिली रात्र सोपी केली की गिऱ्हाईक तयार होतं.

आता आपल्याकडे काय होतं ते सांगतो. पोस्टरवर लिहिलेलं असतं, ‘नवशिक्यांचं स्वागत’. दहा किलोमीटरनंतर पुढचे चार जण दिसेनासे होतात. नवीन माणूस एकटा, घामाघूम, रस्ता विचारत चाललेला. पुढचे चहा पिऊन ताजेतवाने झालेले, हा पोहोचला की लगेच ‘चला निघू’. विश्रांतीची गरज कुणाला होती आणि मिळाली कुणाला? तो पुन्हा येणार नाहीच, शिवाय ऑफिसमधल्या दहा जणांना सांगेल, ‘आपलं काम नाही ते.’

नवीन माणसाची भीती पायांची कमी आणि मनाची जास्त असते. मी मागे पडलो तर? माझी सायकल साधी, बिनगिअरची आहे. बाईचा प्रश्न असतो, वाटेत टॉयलेट कुठे? रात्री सोबत कोण? पन्नाशीतले काका विचार करतात, सगळी पोरंच असतील का? हे प्रश्न कुणी फोनवर विचारत नाही. तो ‘बघतो’ म्हणतो आणि येत नाही. दुकानदार म्हणून हे ‘बघतो’ मी रोज ऐकतो. त्याच्यामागे बहुतेक वेळा न विचारलेला प्रश्न असतो.

म्हणून उत्तर आधीच द्या. समजा मुंबईकरांसाठी ट्रिप आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकल चढवायची आणि मांडव्याला उतरायचं. तिथून अलिबाग साधारण २० किलोमीटर, पुढे नागाव आणखी आठ-नऊ. वाटेत मोठा घाट नाही. नागावात एखाद्या घरगुती मुक्कामाच्या वाडीत तंबू लावायचे, म्हणजे संडास-बाथरूम आणि गरम जेवण जवळ. कुठे थांबणार, टॉयलेट कुठे, पंक्चरवाला कुठे, हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून आधी पाठवा. सर्वांत मागे तुमचा एक माणूस कायम असू द्या. वेग शेवटच्या सायकलचा. जो दमला त्याची सायकल टेम्पोत, आणि त्यावरून चेष्टा नाही.

आता हिशोब. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे तुम्ही काढा. दहा जण. मुक्काम-जेवण माणशी १,२०० म्हणजे १२,०००. टेम्पो ४,०००. पुढे एक आणि मागे एक सहायक, ३,०००. पाणी, केळी, प्रथमोपचार, पंक्चरचं सामान १,५००. एकूण २०,५००. बोटीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. फी २,८०० ठेवली तर हातात ७,५०० उरतात.

टेम्पो आणि मागचा माणूस काढला तर खर्च १५,००० वर येतो. मग मोह होतो फी १,९९९ करायचा. उरतात फक्त ४,९९०. म्हणजे स्वस्त केलं, नवीन माणसाला वाऱ्यावर सोडलं आणि वर कमाईही कमी.

कुणी म्हणेल, तयारीचे सायकलवाले कंटाळतील. कंटाळू देत. त्यांच्यासाठी वेगळी ट्रिप ठेवा. किंवा त्यांच्यातल्या ज्याला शिकवायला आवडतं त्याला मानधन देऊन मागचा सहायक करा. दोघांना एकाच ट्रिपमध्ये कोंबून दोघांनाही खूश ठेवायचं म्हणाल, तर जमत नाही.

आणखी एक. सर्वांचं स्वागत म्हणजे काहीही चालेल असं नाही. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नसेल तर प्रवेश नाही. आदल्या रविवारी दहा किलोमीटरची सरावफेरी प्रत्येकाने करायची. हृदयाचा वगैरे त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच यायचं. हे नियम स्पष्ट सांगितले की नवीन माणसाला उलट धीर येतो. त्याला कळतं, इथे कुणीतरी विचार केलाय.

तुमचा धंदा सायकलचा नसेलही. शिवणक्लास असेल, मेस असेल, जिम असेल. पहिल्यांदा येणारा माणूस तुमच्या दारात काय विचारायला लाजतो, असे पाच प्रश्न आज कागदावर लिहा. प्रत्येकासमोर उत्तर लिहा आणि त्या उत्तराला किती रुपये लागतात तेही लिहा. ती रक्कम किमतीत धरा, आणि मगच बोर्डावर ‘सर्वांचं स्वागत’ रंगवा.